तुझी ती आयर्लंडमधली गढी

दादा, तुला त्या मनोऱ्यातून खाली कुणी आणलं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू शुद्धीवर नव्हतास. म्हणून मी सांगते. आणि या वेळी नीट ऐकून घे, कारण मध्येच फोन कट करायची सोय आता तुला नाही.

रविवारी सकाळी पन्हळीत पाणी तुंबलं म्हणून तू वर गेलास. वहिनी म्हणत होत्या की माणूस बोलवू, पण तुझ्या गढीला दुसऱ्याचा हात लागलेला तुला कधी चाललाय? कावळ्यांनी कोंबलेल्या काटक्या उपसता उपसता छातीत कळ आली. तू कसाबसा वरच्या खोलीत उतरलास आणि आईसाठी आणलेल्या पलंगावर बसलास. तू भूलतज्ज्ञ. आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीवर लक्ष ठेवून बसलास. काय होतंय ते तुला कळलंच असणार. वहिनींनी फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, आलेली माणसं जीव तोडून वर धावली. पण त्यांचं स्ट्रेचर तुझ्या त्या गोल दगडी जिन्यात वळेना. आडवं धरलं तरी अडकलं, उभं धरलं तरी अडकलं.

मग वहिनी अनवाणी धावत शेजारच्या शेतावर गेल्या. नोराच्या घरी. हो, त्याच नोराच्या, जिची वाट तू बंद केली होतीस. नोराचा मुलगा डेक्लन आणि त्याचे दोन-तीन शेजारी ट्रॅक्टरवर बसून आले. त्या वाटेवरच्या तुझ्या फाटकाला साखळी होती, साखळीला कुलूप होतं. चावी शोधत बसायला वेळ कुणाला होता? डेक्लनने कटर लावला आणि साखळी तोडली. वर जाऊन त्या लोकांनी तुला घोंगडीत बांधलं आणि पाठमोरं एकेक पायरी उतरत खाली आणलं. भिंतीला घासून डेक्लनच्या दोन्ही कोपरांची सालटी निघाली, असं वहिनी म्हणाल्या. गावाच्या दवाखान्यापर्यंत तू पोहोचला नाहीस.

मी तुला त्याच जिन्यात उभं राहून विचारलं होतं की नाही? "आईला काही झालं तर खाली कसं आणशील?" तू हसलास. म्हणालास, "शोभे, हा जिना शत्रूनं वर येऊ नये म्हणून बांधलाय." कौतुकाने सांगत होतास. हाताने भिंत थोपटत सांगत होतास.

मला इतका राग आलाय दादा, की स्टँडवर माईक हातात घेतला की भीती वाटते, गाडी लागल्याची घोषणा करता करता तुझ्याच नावाने ओरडेन. आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलंय, तेही तू बघितलं नाहीस. मी रोज त्याच खिडकीत बसून शेवगाव, नेवासा, कोपरगाव अशा गाड्या पुकारते, आणि लोक येऊन सांत्वन करून जातात. "मॅडम, तुमचे बंधू फार मोठे होते." गावात चौकात फ्लेक्स लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यावर तू कोटात, आणि मागे तुझा मनोरा. चुलतभावांनी हौसेने लावलाय. तुझ्यापेक्षा मनोराच मोठा आलाय त्यात.

तुला ती गढी का हवी होती, हे फक्त मला माहीत आहे. तुझ्या पाहुण्यांना तू ती गोष्ट इंग्रजीत, हसत हसत सांगायचास. मला ती तशी हसत सांगितलेली ऐकवत नसे. आपल्या गावची गढी, पाटलांची, गावाच्या मध्यावर उंचावर. आपण तिच्या पायथ्याशी, बाभळीच्या काट्यांच्या कुपात. तू दहावीला तालुक्यात पहिला आलास तेव्हा आबांनी पेढे घेतले, तुला नवा सदरा घातला आणि पाटलांच्या पाया पडायला नेलं. मीही मागे मागे आले होते. दाराशी उभं केलं आपल्याला. ऊन डोक्यावर. बराच वेळ गेला आणि एक गडी बाहेर आला. "धनी झोपलेत. पेढे द्या हिकडं." पेढ्यांचा पुडा आत गेला, दार लागलं. आबा तुला म्हणाले, "चल, झोपले असतील." आबांना त्यात काहीच वाटलं नव्हतं. तू मात्र घरी येऊन सदरा काढून फेकलास आणि दोन दिवस जेवला नाहीस.

त्यानंतर तू पुण्याला शिकलास, तिकडे गेलास, मोठा झालास. सगळं तुझं तू केलंस, कुणाचं काही नाही त्यात. आई-आबा दर हंगामाला कोपरगावकडे ऊसतोडीला जायचे, पाचटाच्या कोप्यांत राहायचे, ते तू थांबवलंस. मला शिकवलंस. ही नोकरी लागली तेव्हा माझ्याआधी तू रडलास फोनवर. हे मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर नुसता राग राहिला असता आणि मग किती सोपं झालं असतं.

मग एके दिवशी तू फोटो पाठवलास. हिरव्या माळावर करडा, चौकोनी, उंच मनोरा. कुठल्यातरी सरदाराने पाचसहाशे वर्षांपूर्वी बांधलेला, पुढे पडझड झालेला, आणि आधीच्या मालकाने उमेदीची सगळी वर्षं घालून परत उभा केलेला. फोटोखाली तू लिहिलंस, "आपली गढी." आबा तोवर गेले होते. मी आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, "एवढ्या उच्च्या घरात दिवा कोन लावतं?"

गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तू आम्हा दोघींना बोलावलंस. विमानतळावरून आणताना तू इतका बोलत होतास की गाडी रस्त्यावर राहते की नाही याची मला चिंता. दारातच तू आम्हाला थांबवलंस आणि वर बघायला लावलंस. दाराच्या आतल्या छतात एक भोक होतं. "याला खुनाचं भोक म्हणतात. कुणी दार फोडून आत घुसला की वरून त्याच्या डोक्यात दगड घालायचे." आई घाबरून बाजूला सरली. तू खदाखदा हसलास. वहिनी म्हणाल्या, "अहो, आल्या आल्या काय हे?" पण तुझा चेहरा असा उजळला होता की माझ्या मनात आलं, असू दे. हा लहानपणी दाराबाहेर उभा होता. आज भोकाच्या वरच्या बाजूला उभा आहे.

मला ती जागा आवडलीही, हे आधी सांगून टाकते. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता यायचं. ओक लाकडाची तक्तपोशी, तिचा वास. दिवाणखान्याच्या कमानीत, ओल्या चुन्यावर उमटलेले वेताच्या चटयांचे ठसे. बांधताना खाली चटया धरल्या होत्या म्हणे, त्या विणणाऱ्या बायकांच्या बोटांचा माग अजून छतावर. तू आगटीत लाकडं सारायचास, बाहेर पाऊस भुरभुरत असायचा, आई भाकरी थापायची आणि तू त्या दगडी घरात ठेच्याबरोबर भाकरी खायचास. ते दिवस सुखाचे होते. मी खोटं कशाला बोलू?

पण आईला तू सगळ्यात वरच्या खोलीत ठेवलंस. म्हणे सरदाराच्या आईची खोली होती ती. उसात वाकून वाकून जिचे गुडघे गेले, तिला त्या गोल जिन्याने वर चढवलंस, पुढे तू, मागे मी. खाली दाराशेजारी चांगली खोली रिकामी होती, तिथे तुझी वाद्यं आणि पुस्तकं. मी म्हटलं, तिला खाली ठेव, तिला येणारं-जाणारं माणूस लागतं. तू म्हणालास, "आयुष्यभर ती खालीच होती. आता वर बसंल." आणि विषय संपवलास. आई दिवसातून एकदा, आधार देऊन, खाली यायची. बाकी दिवसभर वर, खिडकीपाशी. मला तर वाटायचं, तू आईला कोंडून घातलंस.

खाली आली की ती दाराच्या पायरीवर बसायची. तिथेच तिला नोरा भेटली.

नोरा आईच्याच वयाची असेल. डोक्याला रुमाल, पायात गमबूट, हातात काठी. मनोऱ्याच्या कडेने एक पायवाट जायची, शेतातून, पलीकडच्या एका वाफ्याएवढ्या जागेकडे. तिथे नुसते दगड उभे रोवलेले, ना नाव ना गाव. वहिनींनी मला सांगितलं ते काय आहे ते. पूर्वी बाप्तिस्म्याआधी जी तान्ही बाळं जायची त्यांना चर्चच्या जागेत पुरू देत नसत. मग लोक गुपचूप अशा जागी पुरायचे. नोराच्या पाठचा भाऊ तिथे आहे. ती लहानपणापासून त्या वाटेने तिथे जाते.

एक दिवस ती परतताना पायरीवर आईशेजारी टेकली. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी. मी चहा घेऊन गेले तर नोरा हाताचा पाळणा करून दाखवत होती आणि मग काठीने जमिनीकडे. आई तिच्याकडे बघत राहिली. मग आईनेही हाताचा पाळणा केला आणि जमिनीकडे बोट केलं. दादा, आपल्या आधी एक मुलगी होती, तुला माहीत आहे. कोपरगावकडे ऊसतोडीच्या कोपीत गेली. शेताच्या बांधाला पुरली तिला. पुढच्या हंगामाला आई गेली तर बांध नांगरून टाकलेला. आपल्याला आईने हे एकदाच सांगितलं, परत कधी नाही. आणि त्या परक्या बाईला तिने हाताने सांगितलं, माझ्यासमोर.

त्यानंतर नोरा रोज यायची. कधी अंडी आणायची. आई तिला शेंगदाण्याची चटणी द्यायची, ती खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढायची आणि दोघी हसायच्या.

आणि अशातच तू फाटक लावलंस.

का लावलंस तेही मला माहीत आहे. तुझी बाजू मी लपवत नाही. शनिवारी संध्याकाळी त्या वाटेने एक तरणा पोरगा पिऊन आला आणि तुला तुझ्याच दारात म्हणाला, "तू कोण रे? हे तुझं कसं? जा तुझ्या देशात." वहिनी घाबरल्या. तू पांढरा पडला होतास. मी तुझा चेहरा बघितला, तो सदरा फेकला तेव्हा होता तसाच. सोमवारी लोखंडी फाटक आलं, साखळी आली, खाजगी मालमत्ता अशी पाटी आली.

दुसऱ्या दिवशी नोरा फाटकाशी आली. मी वरून बघितलं. तिने साखळी हातात घेतली, पाटी वाचली, मनोऱ्याकडे बघितलं आणि परत फिरली.

त्या दिवशी आपण भांडलो. मी म्हटलं, "आधी आईला वर कोंडलंस, आता बोलला एक दारुडा, आणि तू सगळ्या गावाला कुलूप लावलंस?"

"नोराला चावी देतो. सांग तिला."

"तिनं चावी मागायची? भावाच्या मातीकडे जायला? तुझ्याकडे?"

"मग काय करू? धर्मशाळा उघडू?" आणि मग तुझ्या तोंडात आपल्या गावची बोली आली, रागावलास की यायची तशी. "तिथं आपल्याला दारातनं हाकललं तवा कुनाच्या पोटात दुखलं नाही. आता मी माझं दार लावलं तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

"कारण तू हाकलणारा व्हायलाच एवढ्या लांब आलास. आबांना उन्हात उभं केलं त्या पाटलाला तू शिव्या देतोस ना? तुला पाटील नको नव्हता, दादा. तुला त्याची जागा हवी होती."

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. तू माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणालास, "माझ्या घरात उभी राहून हे बोलतेस?"

"नाही राहत तुझ्या घरात."

"नको राहू."

तिकिटं बदलून आम्ही दोघी आधीच परत आलो. विमानतळावर तू आईच्या पाया पडलास आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे गेलास. त्यानंतर तू रविवारी फोन करायचास तो आईच्या मोबाईलवर. मी शेजारी बसलेली असायचे. तू विचारायचास, "बाकी सगळे बरे?" आई म्हणायची, "बरे हायेत." बाकी सगळे म्हणजे मी. दीड-दोन वर्षं मी 'बाकी सगळे' होते. मधे दोनदाच मी फोन लावला. आवाज ओळखलास आणि कट केलास.

आणि मग अशा एका रविवारी तुझ्याऐवजी वहिनींचा फोन आला, माझ्या मोबाईलवर.

आईला मी सांगितलं. आणखी कोण सांगणार होतं? ती सावेडीच्या आपल्या घराच्या ओट्यावर तूर पाखडत होती. मी म्हटलं, "आई, दादा गेला."

"कुठं?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं. "जिन्यावरनं पडला का?"

"नाही. हार्टअटॅक आला, वर तुझ्या खोलीत."

तिने तुरीत हात घातले. मग म्हणाली, "वरनं खाली कसा आनला त्याला?" मी सांगितलं. "नोराच्या पोरानं व्हय?" एवढंच बोलली. शेजारणी गोळा झाल्या, रडारड सुरू झाली. आई रडली नाही.

तुझं सगळं मी मोबाईलवर बघितलं. माझा व्हिसा वेळेत होणं शक्यच नव्हतं. तिकडे शवपेटीला शेजारी खांदा देतात. डेक्लन पुढे होता, कोपरांना पट्ट्या बांधलेला. मागे ती सगळी माणसं, ज्यांच्यासाठी तू पाटी लावलीस. नोरा काठी टेकत शेवटी. मला त्यांचा आदर वाटायला हवा होता. वाटलाही असेल. पण त्या क्षणी मला तुला गदागदा हलवून उठवावंसं वाटलं. ऊठ आणि बघ म्हणावं, कुणाच्या खांद्यावर आहेस. ऊठ आणि यांच्याकडे बघून दाखव.

वहिनी तुझ्या अस्थी घेऊन आल्या. तुम्हाला मूलबाळ नाही, सगळं त्यांच्या एकटीच्या अंगावर. किती वाळल्यात. आपण प्रवरासंगमाला गेलो. आईला गाडीतच बसव म्हणत होते सगळे, पण ती उतरली. मी एका बाजूने, वहिनी दुसऱ्या बाजूने, असं धरून तिला पाण्यापर्यंत नेलं. गुरुजींनी सांगितलं तसं केलं. अस्थी पाण्यात सोडताना आई वाकली, पाण्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "न्हवतं जायचं तू माझ्या आधी." मोठ्याने नाही, पण रागाने. मग मला कळलं, राग काही माझ्या एकटीचा नाही.

परत येताना गाडीत वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "शोभाताई, त्यांना तुमच्याशी बोलायचं होतं हो. मनात खूप होतं त्यांच्या."

"खोटं नका सांगू, वहिनी."

नेवासा फाटा गेला तेव्हा म्हणाल्या, "नाही म्हणाले ते तसं काही. मी विषय काढला की उठून जायचे."

मी म्हटलं, "बरं केलंत खरं सांगितलंत." आणि खरंच बरं वाटलं. तू माफी मागायच्या बेतात होतास, पत्र लिहायला घेतलं होतंस, असलं काही ऐकलं असतं तर मला ते आयुष्यभर सांभाळत बसावं लागलं असतं. तू माझ्यावर रागावलेलाच गेलास. मीही तुझ्यावर रागावलेलीच आहे. निदान त्यात तरी आपण बहीणभाऊ आहोत.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर वहिनींनी विषय काढला. मनोऱ्याचं काय करायचं? एकटीने राहवत नाही म्हणाल्या. रात्रीचं सोडा, दिवसाही जिना चढवत नाही. फाटक त्यांनी उघडंच ठेवलंय, नवी साखळी आणली नाही.

मी म्हटलं, "विकून टाका. आहे काय त्यात? त्या खोलीत आईला कोंडलं, त्या जिन्यानं त्याला खाल्लं. विका आणि मोकळ्या व्हा."

आई भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. मला वाटलं, डुलकी लागली. ती म्हणाली, "मला कुनी कोंडलं?"

"अगं, तुलाच. दिवसभर त्या खिडकीत बसून राहायचीस."

"मग? बसायची म्या. मला आवडायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. वहिनीही.

"जलम सारा वाकून गेला माझा," आई म्हणाली. "ऊस तोडताना बुडखा बघायचा, न्हाईतर मानसाचं पाय. तिथं बसून पयल्यांदा वरनं बघितलं सारं. लांबलांब दिसायचं. गायी बारीक बारीक दिसायच्या. पाऊस येताना दिसायचा, अजून आपल्यावर यायचाय आन तिकडं पडतोय. नोराबाई तिच्या घरनं निगाली की मला वरनं कळायचं, मग मी तुला हाक मारायची, खाली ने म्हनून."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. "आम्ही तुझ्यावरून भांडलो, आई! त्याला मी काय काय बोलले! तेव्हा का नाही बोललीस?"

"तुमी दोगं भांडत हुता. मला कुनी इचारलं?"

मग आईच म्हणाली, "फाटक लावलं ते मातर वाईट केलं त्यानं. लई वाईट केलं. ते मी त्याला फोनवर बोलले हुते. तू आत गेलीस की दर वक्ताला बोलायची."

"काय म्हणायचा?"

"काय न्हाई. आई, जेवलीस का, म्हनायचा."

म्हणजे तिनेही तुला सांगितलं होतं, आणि तू तिचंही ऐकलं नाहीस. म्हणजे खोलीच्या बाबतीत तू बरोबर होतास आणि मी चूक. आता हे मी कुठे जाऊन सांगू? दादा, भांडणात माझा निम्मा मुद्दा पडला, आणि तो पडल्याचं सुख घ्यायलासुद्धा तू थांबला नाहीस. तू असतास तर महिनाभर मला चिडवलं असतंस. "बघ शोभे, मी म्हटलं होतं." मी आणखी चिडले असते. मग फाटकावरून परत भांडले असते, आणि त्यात तुला हरवलं असतं. पूर्ण हरवलं असतं. ते भांडण तू माझ्याकडून काढून घेतलंस. तू कमावलेलं सगळं मला देत आलास, आणि हे एवढं एक माझ्या हक्काचं होतं ते मात्र घेऊन गेलास.

संध्याकाळी आईने जाहीर केलं, ती वहिनींबरोबर जाणार. उन्हाळाभर राहणार. विकायचं बिकायचं ते त्यानंतर बघा.

मी काय कमी भांडले? तिचे गुडघे, तो जिना, ती थंडी, विमानाचा प्रवास, आणि काही झालं तर. "तिथं काही झालं तर तुला खाली कोण आणणार?" आई म्हणाली, "त्याला आनलं त्यांनी. मला आनतील. मी त्याच्यापरीस हलकीच हाय." वहिनी हसल्या आणि मग रडू लागल्या. आईने त्यांना जवळ घेतलं. "रडू नको, पोरी. मी हाय ना."

काल व्हिसासाठी फोटो काढायला आईला दिल्लीगेटजवळच्या स्टुडिओत नेलं. नवं लुगडं नेसली होती. फोटोवाल्याने तिला स्टुलावर बसवलं, पदर कानामागे घ्यायला सांगितलं, हनुवटी वर करायला सांगितलं. तिने केली. त्याला बोलायची सवय असेल. कॅमेऱ्यामागून त्याने विचारलं, "आजी, कुठं निघालाय एवढ्या लांब?"

"लेकाच्या घरी," आई म्हणाली.

मी बाहेर रस्त्यावर आले, दादा. रिक्षा, उन्हं, माणसं, हॉर्न. तिथे एका बंद टपरीला टेकून उभी राहिले आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडले. आत फोटोवाला म्हणत होता, "आजी, तोंड मिटा. हां, अशाच. हलू नका."